मुरमाच्या मैदानावर १/१० बग्गी: टायर कोणते घ्यावेत आणि गाडीत आधी काय बदलावे?

कासारवडवली_बग्गी

सर्वांना नमस्कार.

आमच्याकडे रिमोटवर चालणारी, १/१० प्रमाणाची, फोर-व्हील ड्राइव्ह, ब्रशलेस मोटरची बग्गी आहे. वर्षभरापूर्वी ती आम्ही वापरलेली घेतली. रिमोट बहुतेक वेळा आठवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या हातात असतो आणि दुरुस्ती माझ्याकडे असते. ठाण्यात ओवळ्याच्या बाजूला एका परिचितांची मोकळी जागा आहे. त्यांच्या परवानगीने दर रविवारी सकाळी आम्ही सात-आठ जण तेथे पाण्याचे जुने पाइप अंथरून ट्रॅक आखतो, दोन ठिकाणी गोण्या रचून त्यांवर माती थापून उड्या तयार करतो आणि ऊन चढेपर्यंत गाड्या पळवतो.

जागा मुरमाच्या भरावाची आहे. रोलर फिरवलेला असल्यामुळे खालचा थर घट्ट आहे, परंतु गाड्या फिरून फिरून वर बारीक खडे आणि भुकटी सुटी झाली आहे. सरळ पट्ट्यावर ट्रिगर दाबताच चारही चाके जागच्या जागी फिरतात. वळणात शिरताना गाडी पुढून बाहेर सरकत जाते, आणि वळण संपत असताना मुलीने जोर दिला की मागची बाजू अचानक सुटून गाडी गोल फिरते. परदेशी शर्यतींच्या चित्रफिती पाहून आम्ही अतिमऊ रबराचे, बारीक पिनांचे टायर घेतले होते. दोन रविवारांत मागच्या टायरांच्या मधल्या पिना झिजून सपाट झाल्या.

आता माझ्याकडे आठ हजार रुपये आहेत आणि तीन निरनिराळे सल्ले आहेत. एकाचे म्हणणे आहे की २एस (दोन सेलच्या) बॅटरीऐवजी ३एस (तीन सेलची) लावावी. दुसऱ्यांनी ॲल्युमिनियमच्या आर्म (चाकांना गाडीशी जोडणारे दांडे) घ्यायला सांगितले आहे, कारण गेल्या महिन्यात पुढची एक आर्म तुटली. तिसरे म्हणतात की टायरच घ्या, पण कोणते हे त्यांना सांगता आले नाही. हे पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत, आणि या जमिनीवर कोणता टायर टिकेल व पकडही देईल, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

नेरूळ_माती

नमस्कार. तुम्ही लिहिलेले तीनही दोष मोटरला किंवा बॅटरीला हात न लावता पुष्कळ कमी होऊ शकतील, म्हणून टायरपासूनच सुरुवात करते. नेरूळ आणि उलवे भागातील भरावाच्या जमिनींवर मी सहा वर्षे बग्गी पळवते आहे, आणि तुम्ही केलेली अतिमऊ टायरची खरेदी मीही पहिल्या वर्षी केली होती.

प्रथम जमीन तपासा. ट्रॅकवर उभे राहून बुटाची टाच जोराने घासा आणि सुटा थर बाजूला सरून टाच घट्ट थराला किती खोलीवर लागते ते पट्टीने मोजा. फरशीवर ज्वारीचे दाणे सांडले तर पाय घसरतो तो फरशीमुळे नव्हे, पाय आणि फरशी यांच्यामध्ये आलेल्या दाण्यांमुळे. मुरमावर टायरचे नेमके हेच होते. टायरच्या पिनांनी सुट्या खड्यांमधून वाट काढून खालचा घट्ट थर पकडला पाहिजे. तुमच्या बारीक, दाट पिनांच्या फटींत भुकटी भरते आणि टायर जणू गुळगुळीत होऊन त्या दाण्यांवर तरंगू लागतो. म्हणून पिनांची उंची सुट्या थराच्या जाडीपेक्षा थोडी अधिक हवी आणि त्यांच्यामध्ये अंतर हवे, म्हणजे भुकटी अडकून न राहता बाहेर फेकली जाईल.

मात्र उंच पिना म्हणजे चांगला टायर असेही नाही. घट्ट जमिनीवर उंच, सडपातळ पिना मुळापासून वाकतात, गाडी वळणात डुलल्यासारखी वाटते, आणि वाकून घासल्या गेल्यामुळे त्या लवकर तापतात व झिजतात. सुटी माती बोटभर असेल तर मोठ्या काट्यांचे टायर योग्य. घट्ट थरावर तीन-चार मिलिमीटर भुकटी असेल तर मध्यम उंचीचे, चौकोनी किंवा आडव्या ठोकळ्यांचे आणि मोकळ्या रचनेचे टायर योग्य. झाडून स्वच्छ झालेल्या घट्ट मातीवर बुटक्या, दाट पिना चालतात. पूर्ण गुळगुळीत टायर पाणी मारून तयार केलेल्या चिकणमातीवर शोभतात. मुरमावर त्यांचा विचार करू नये.

आता रबराविषयी. तुम्ही चित्रफितींत पाहिलेले ट्रॅक बहुधा चिकणमातीचे, पाणी देऊन ओलसर ठेवलेले असतात. तेथे मऊ रबर जमिनीला अक्षरशः चिकटते आणि झिजतेही सावकाश. आपला मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगड. त्याच्या कणांना धारदार कडा असतात आणि तो टायरवर काचपेपरसारखा चालतो. त्यातच मार्चपासून आपल्याकडची जमीन इतकी तापते की दहानंतर तिच्यावर तळहात ठेववत नाही, आणि तापलेले मऊ रबर आणखी मऊ होते. तिकडे जे रबर ‘मऊ’ म्हणून पुरेसे असते ते येथे उन्हाळ्यात ‘अतिमऊ’सारखे वागते, हे मी दोन जोड्या संपवून शिकले. प्रो-लाइन या टायर कंपनीच्या एम आणि एस मालिकांत आकडा २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे मऊ आणि ४ म्हणजे अतिमऊ. जेकॉन्सेप्ट्स या दुसऱ्या कंपनीकडे रंगांची नावे आहेत. त्यांचा निळा मऊ आणि हिरवा अतिमऊ. तुमच्या जमिनीसाठी मी चारही चाकांना मध्यम घेईन. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी मात्र मऊ रबराचा एक जोड जवळ असावा, कारण थंडीत मध्यम रबर पहिल्या काही फेऱ्यांत लाकडासारखे लागते.

टायरच्या आतल्या फोमकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते अर्धी पकड तेथेच हरवते. टायरसोबत मिळणारा साधा, उघड्या छिद्रांचा फोम काही महिन्यांत बसतो. मग वळणात टायरची बाजू दुमडते आणि रिमची कड जमिनीकडे येते. बंद छिद्रांचा, साच्यात घडवलेला फोम महाग असतो पण आकार धरून ठेवतो आणि पाणीही पीत नाही. तो टायरच्या मापाचाच हवा. ओढूनताणून मोठा फोम बसवला की टायर मधोमध फुगीर होतो आणि फक्त मधल्या दोन ओळी जमिनीला लागतात. तुमच्या मधल्या पिना आधी गेल्या आहेत, म्हणून टायर उघडाल तेव्हा हे अवश्य पाहा.

शेवटी चिकटवणे. नव्या टायरच्या आतल्या कडेवर साच्यातून निघताना लागलेला तेलकट थर असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, रिमची खाच बारीक काचपेपरने हलकी खरवडा आणि मग फेविक्विकसारखा पातळ गोंद आधी चार ठिकाणी, नंतर पूर्ण कडेने सोडा. दोन्ही बाजू नीट वाळू द्या. डोळ्यांना चष्मा असावा आणि खिडकी उघडी असावी, विशेषतः मुलगी शेजारी बसणार असेल तर. नव्या टायरवर चकाकी असते, ती पहिल्या बॅटरीत जाते. तोवर पकडीविषयी मत बनवू नका.

कासारवडवली_बग्गी

ताई, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आज सकाळी आम्ही पट्टी घेऊनच गेलो. सरळ पट्ट्यावर सुटा थर साधारण ३ मिलिमीटर आहे. वळणांच्या बाहेरच्या कडेला मात्र भुकटीचे ढीग साचून तो ८ ते १० मिलिमीटर होतो. मुलीच्या लक्षात आले की गाडी गोल फिरते ती बहुतेक वेळा त्या ढिगात मागचे चाक गेल्यावरच. एकाच ट्रॅकवर अशा दोन खोली असतील तर टायर कोणत्या खोलीचा घ्यावा?

जुना टायर कापून पाहिला. फोम मधोमध कडक आणि कडांना चुरा झालेला होता, आणि आत चमचाभर भुकटी निघाली. चाकांचा हेक्स (रिम ज्यावर बसते तो षटकोनी भाग) १२ मिलिमीटरचा आहे, त्यामुळे रिम मिळायला अडचण येणार नाही असे वाटते. ॲल्युमिनियमच्या आर्म आणि ३एस यांविषयीही कोणी सांगितले तर निर्णय घेता येईल.

तुर्भे_लेथ

नमस्कार. तुर्भे एमआयडीसीत माझे लेथचे छोटे वर्कशॉप आहे. दिवसभर हातात धातू असतो, म्हणून आर्मविषयी अधिकाराने लिहू शकेन.

आर्म ॲल्युमिनियमच्या घेऊ नका. नायलॉनची आर्म धक्का लागल्यावर वाकते आणि परत येते, आणि फारच मोठा धक्का असेल तर तुटते. ॲल्युमिनियमची आर्म वाकली की वाकलेलीच राहते. तो बाक डोळ्यांना दिसत नाही, पण चाकाचा कोन बदलतो आणि गाडी एका बाजूला ओढू लागते. त्याहून वाईट म्हणजे ती न वाकता टिकली, तर सगळा धक्का तिच्यामागच्या गियरबॉक्सच्या कवचात जातो. शंभर-दोनशे रुपयांचा भाग वाचवण्यासाठी आपण हजारांचा भाग पुढे करतो. १९८४ साली टीम असोसिएटेड या कंपनीने आरसी१० ही बग्गी आणली, तेव्हा तिची चेसिस ॲल्युमिनियमची पण आर्म नायलॉनच्या होत्या. जेथे ताठपणा हवा तेथे धातू आणि जेथे धक्का सोसायचा तेथे नायलॉन, ही विभागणी आजही तितकीच योग्य आहे. नायलॉन हवेतील ओलावा शोषून अधिक चिवट होते, म्हणून नव्या, कोरड्या आर्म लावण्यापूर्वी मी त्या दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उकळून तशाच पाण्यात थंड होऊ देतो. आर्मची एक जादा जोडी डब्यात ठेवावी, एवढे पुरे. धातू घ्यायचाच असेल तर शॉकच्या (धक्का शोषणाऱ्या तेलाच्या नळ्यांच्या) वरच्या टोप्यांना घ्या, कारण प्लास्टिकच्या टोप्यांचे आटे उडीनंतर सुटतात, आणि मोटरच्या माउंटला घ्या, कारण तो उष्णता ओढून घेतो.

३एसचा हिशोब पाहा. २एस म्हणजे ७.४ व्होल्ट, ३एस म्हणजे ११.१ व्होल्ट, म्हणजे दीडपट. तुमची मोटर समजा ३३०० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे) असेल, तर भार नसताना तिचे फेरे मिनिटाला साधारण २४,४०० वरून ३६,६०० वर जातील. चाकाचा वेग दीडपट झाला की टायरला बाहेर ओढणारे बल दीडपट होत नाही. ते वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सव्वादोनपट होते. टायर मधोमध फुगेल, कडा जमिनीवरून उचलल्या जातील, आणि मधल्या पिनांची तुमची तक्रार दुप्पट होऊन परत येईल. आज गाडी २एसचाच जोर जमिनीवर उतरवू शकत नाही, तेथे जोर वाढवून वेग मिळणार नाही. शिवाय ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे यंत्र) ३एसला चालणारी आहे की नाही, हा वेगळाच प्रश्न.

एक बदल मात्र आज रात्रीच करा, त्याला पैसे लागत नाहीत. गाडीत स्लिपर क्लच (जास्त जोर आल्यावर निसटणारा क्लच) असेल तर त्याचे नट पाव-पाव फेरा सैल करून पाहा. जागेवरून पूर्ण जोर दिल्यावर क्लच साधारण हात-दीड हात अंतर निसटल्याचा आवाज यावा आणि मग त्याने पकडावे. वापरलेल्या गाड्यांत तो बहुधा गच्च आवळलेला असतो. मुरमावर तो आवळलेला असला की मोटरचा पहिला झटका थेट चाकांत जातो आणि पिना सोलल्या जातात. फार सैलही ठेवू नका, पॅड जळतात.

खर्चाचा क्रम मी असा धरीन: पहिल्यांदा टायर आणि फोम, मग बेअरिंग, मग सर्वो (चाके वळवणारी छोटी मोटर). चाकांच्या बेअरिंगमध्ये भुकटी गेली असेल तर चाक बोटाने फिरवल्यावर खरखर जाणवते. पूर्ण संच बदलला की मोटर कमी तापते आणि बॅटरी थोडी अधिक चालते. सर्वोच्या बाबतीत, वळणात शिरताना गाडी पुढून सरकते ती नेहमी टायरमुळेच सरकते असे नाही. गाडी जमिनीवर उभी करून स्टिअरिंग फिरवा. चाके हवेत असताना जितकी वळतात तितकी जमिनीवर वळली नाहीत, तर सर्वो दुबळा आहे किंवा सर्वो सेव्हरची (सर्वोला धक्क्यापासून वाचवणाऱ्या भागाची) स्प्रिंग सैल आहे. धातूच्या गियरचा, १० ते १५ किलो-सेंटिमीटर ताकदीचा सर्वो या गाडीला पुरेसा आहे. ईएससीतून रिसीव्हरला जाणारे व्होल्टेज किती आहे ते मात्र आधी पाहा, कारण ६ व्होल्टवर चालणाऱ्या साध्या सर्वोला ७.४ व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

ताईंच्या एका मताशी मी थोडा असहमत आहे. चारही चाकांना मध्यम रबर घेण्याऐवजी मी मागे मऊ आणि पुढे मध्यम ठेवतो. मागची बाजू सुटत असेल तर मागे पकड वाढवणे हाच सरळ मार्ग आहे, आणि मागचे टायर लवकर झिजले तरी बदलायची एकच जोडी असते.

नेरूळ_माती

मागे मऊ, पुढे मध्यम ही रचना मीही वापरली आहे आणि ती चालते, हे मान्य. परंतु कासारवडवलीच्या गाडीत दोन्ही दोष एकत्र आहेत: शिरताना पुढून सरकते आणि निघताना मागून सुटते. पुढे-मागे वेगळे रबर लावल्यास कोणता दोष कशाने कमी झाला ते कळणार नाही. म्हणून आधी चारही सारखे घ्या, स्लिपर सैल करा, त्यावर दोन रविवार घालवा आणि मगच मागचे टायर मऊ करायचे की नाही ते ठरवा. एका वेळी एकच बदल करून फेऱ्यांची वेळ मुलीकडून वहीत लिहून घेतली, तर हा प्रश्न आमच्यापेक्षा तुमची वहीच चांगला सोडवेल.

दोन खोलींच्या प्रश्नाचे उत्तर टायरमध्ये शोधू नका. ढीग झाडून टाका. आम्ही दर दोन बॅटऱ्यांनंतर खराट्याने वळणाची बाहेरची कड साफ करतो आणि सुरू करण्यापूर्वी झारीने पूर्ण ट्रॅकवर हलके पाणी शिंपडतो. चिखल होऊ द्यायचा नाही, भुकटी फक्त बसली पाहिजे. पाणी मुरायला अर्धा तास द्या. यामुळे टायर आपल्याला अपेक्षित त्या जमिनीवर चालतात, बेअरिंगही वाचतात आणि शेजारच्या इमारतींना धुळीचा त्रास होत नाही. टायर सरळ पट्ट्याच्या ३ मिलिमीटरसाठीच निवडा.

आत भुकटी निघाली त्याचे कारण रिममधील हवेची भोके. ती आतून मजबूत टेपने बंद करा आणि त्याऐवजी टायरच्या मधोमध, समोरासमोर, दोन बारीक भोके पाडा. चाक फिरताना आत गेलेले त्यातून बाहेरच फेकले जाते.

कळवा_पावसाळी

वरील चर्चेत पावसाळ्याचा विषय राहिला आहे, आणि ठाण्यात वर्षातले चार महिने तोच खरा विषय असतो. जून ते सप्टेंबर या काळात तुमची मुरमाची जागा पूर्ण वेगळी होईल. मुरूम पाणी लवकर सोडतो, त्यामुळे दोन दिवस उघडीप मिळाली तर गाडी चालवता येते, आणि त्या ओलसर, बसलेल्या मुरमावर वर्षातली सर्वोत्तम पकड मिळते. तेव्हा मऊ रबर काढायला हरकत नाही, कारण जमीन थंड असते. ऑगस्टनंतर कडेने गवत उगवले की मात्र ठोकळ्यांचे टायर निरुपयोगी होतात. तेथे काटेच हवेत. ब्रिटनमध्ये गवतावर आणि कृत्रिम हिरवळीवर शर्यती होत आल्या आहेत, आणि शूमाकर कंपनीचे पिवळ्या रबराचे मिनी स्पाइक टायर तेथे फार काळ लोकप्रिय राहिले आहेत. गवतासाठी तशा छोट्या काट्यांचा एक जोड पुरतो.

खाडीकडच्या सपाट चिखलाच्या जमिनी पाहून मोह होतो, पण ती कांदळवनाची जागा आहे. तेथे गाडी नेऊ नये. खारा चिखल बेअरिंगमध्ये गेला तर ती आठवड्यात गंजतात, हे त्यानंतरचे कारण.

ओल्या दिवसानंतर चाके काढून बेअरिंग बाहेर काढा, अल्कोहोलने धुवा आणि पातळ तेलाचा एक थेंब सोडा. गाडीवर थेट नळ सोडू नका. जुना टूथब्रश आणि फुंकणी पुरेशी आहे.

बॅटरीविषयी एक कळकळीची विनंती, कारण घरात मूल आहे. पावसात तीन-चार आठवडे गाडी निघत नाही आणि लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी पूर्ण भरलेली तशीच कपाटात पडते. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला भरलेला ठेवू नका. चार्जरच्या स्टोरेज पर्यायाने तो ३.८ ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवा. ५००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने, बॅलन्स वायर जोडून, कोणीतरी जागे आणि शेजारी असतानाच भरा. फुगलेली बॅटरी ‘अजून चालते’ म्हणून वापरू नका, आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तर कोणतीच बॅटरी ठेवू नका.

कासारवडवली_बग्गी

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण ताईंनी सांगितल्याप्रमाणे एका वेळी एकच बदल करायचा असे आम्ही ठरवले होते.

पहिल्या रविवारी फक्त स्लिपर सैल केला आणि ट्रॅकवर पाणी शिंपडले. तुर्भ्याच्या दादांचे म्हणणे अगदी खरे निघाले; नट शेवटपर्यंत आवळलेले होते. जुन्या झिजलेल्या टायरांवरही गाडी जागेवरून सरळ निघू लागली. दुसऱ्या रविवारी मध्यम रबराचे, मोकळ्या ठोकळ्यांचे टायर बंद छिद्रांच्या फोमसह चारही चाकांना लावले. गाडी गोल फिरणे जवळजवळ थांबले, आणि पाच बॅटऱ्यांनंतरही मागच्या पिना अर्ध्याहून अधिक शिल्लक आहेत. पूर्वी एवढ्यात टायर संपलेला असे. सर्वोची चाचणीही केली. चाके जमिनीवर खरोखरच कमी वळत होती, पण सर्वो ठीक असून सेव्हरची स्प्रिंग सैल होती. ती आवळल्यावर वळणात शिरणे सुधारले, त्यामुळे सर्वोचे पैसे वाचले आणि त्यातून बेअरिंगचा पूर्ण संच व आर्मची एक जादा जोडी आली. ३एसचा विचार सोडून दिला आहे. शॉकमध्ये ३० वेटचे (वेट म्हणजे तेलाचा घट्टपणा) तेल होते. उन्हात ते पातळ होऊन उडीनंतर चेसिस जमिनीला टेकत होती, म्हणून काल ३५ वेटचे भरले आहे.

मुलीने वहीत एक निरीक्षण लिहिले आहे, त्यावर मात्र आमचे एकमत होत नाही. पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा लवकर झिजते आहे. ती म्हणते चाके वरून आत झुकलेली आहेत. मला ते टायर चिकटवण्यातील चूक वाटते.

नेरूळ_माती

मुलीचे बरोबर असण्याची शक्यता अधिक आहे. दोन्ही बाजूंना सारखीच झीज असेल तर तो चिकटवण्याचा दोष नसतो. तो दोष सहसा एकाच चाकात आढळतो. वापरलेल्या गाडीत आधीच्या मालकाने कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) अधिक ठेवलेला असू शकतो. सपाट फरशीवर गाडी ठेवा, पुढची बाजू दोनदा दाबून सोडा, म्हणजे शॉक आपल्या जागी येतील, आणि गुण्या चाकाला लावून वरच्या बाजूची फट पाहा. दोन अंशांहून अधिक झुकाव दिसला तर वरची लिंक अर्धा-अर्धा फेरा लांब करून तो एक अंशावर आणा, आणि दोन्ही बाजूंना फेरे सारखेच द्या. मोजताना बॅटरी गाडीत बसवलेली असू द्या, कारण तिच्या वजनाने गाडी खाली बसते आणि कोन बदलतो.